साडेचारचं स्वागत

१

मिस्त्रींच्या दाराला बेल नव्हती. पूर्वी होती; ती त्यांनीच एका दुपारी स्क्रू, वायर, डबीसकट काढली आणि भिंतीत दोन भोकं तेवढी ठेवली. तीस वर्षं त्यांनी बॉयलरच्या कारखान्यात काढली होती, त्यातली निम्मी पोलादी टाकीच्या पोटात बसून, बाहेरून हातोडे पडत असताना. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दोन्ही कान ठेवून घेतले. "बेल वाजली काय नि न वाजली काय, मला सारखंच," असं ते मोठ्याने म्हणत. सगळंच ते मोठ्याने म्हणत.

आठ वर्षांपूर्वी बेलच्या जागी कुत्री आली. लहानशी, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. बायकोने तिचं नाव घंटी ठेवलं. जिन्यावर कोणी पाऊल टाकलं की घंटीला कळे, आणि कोण आहे तेही कळे. अनोळखी माणूस असला तर ती मिस्त्रींच्या गुडघ्याला नाकाने एकदाच ढोसून दारासमोर ताठ उभी राही. पोस्टमन असला तर मानेवरचे केस उभे. समोरच्या काकू असल्या तर एक जांभई आणि अर्धं शेपूट. मिस्त्री शिकले होते. बेलने कधी सांगितलं नव्हतं एवढं घंटी सांगत होती.

पण खरा सोहळा दोघांसाठीच. मिस्त्री बाहेरून आले की ते एक हात दारावर टेकून बूट काढत, आणि घंटी त्यांच्या पायांभोवती तीन चकरा मारी. दर चकरेला तिचं शेपूट दारावर आपटे, ते त्यांच्या तळहाताला कळे. एक, दोन, तीन. मग ती त्यांच्या उजव्या पावलावर बसकण मारी.

बायकोसाठी निराळं. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायच्या मोठ्या यंत्रावर होती. चारला सुटे, साडेचारला घरी. चार पंचवीसला घंटी दाराखालच्या फटीत नाक खुपसून आडवी होई आणि शेपटीने जमीन बडवू लागे. इमारत जुनी, जमीन फळ्यांची. मिस्त्रींना ते तळपायात कळे. मग घंटी धावत जाऊन बायकोची घरात घालायची डावी चप्पल तोंडात धरून आणी. डावीच. बायकोपाशी किल्ली असे, पण ती लावत नसे. दार उघडायला कोणीतरी असावं, एवढीच तिची हौस.

"मला चप्पल आणि तुम्हाला प्रदक्षिणा," बायको म्हणे. "कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच." नवऱ्याला कान नाहीत हे ध्यानात येऊन मग दोघंही हसत.

एकदा मिस्त्रींनी विचारलं होतं, "रोज तर येतेस तू. रोज एवढं नाचायला काय होतं हिला?"

बायको त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून म्हणाली, "गेलेलं माणूस परत येतंच असं नाही, हे तिला माहीत आहे. आपण विसरतो."

२

त्या मंगळवारी मिस्त्रींचा दुपारी खुर्चीत डोळा लागला. जागे झाले तेव्हा दोन वाजले होते आणि बायको समोर उभी होती.

"आज लवकर?"

"सोडली नोकरी," ती म्हणाली. "बस झालं आता."

मिस्त्रींना आनंद झाला, तो लपवण्याचं काही कारण नव्हतं. चार वर्षं ते तिच्या मागे लागले होते. त्या वाफेने तिचे हात सोलवटले होते, डाव्या मनगटावर यंत्राचा चटका बसून रुपयाएवढा डाग पडला होता. त्यांनी स्वतः चहा केला. टेबलाखाली घंटी झोपली होती आणि तिने मान उचलली नव्हती, हे त्यांनी पाहिलं. पण बायको किल्ली लावून आली असेल, कुत्रीही म्हातारी व्हायला लागली, असं म्हणून सोडून दिलं.

चहा पिऊन बायको उठली आणि तिने दाराची आतली कडी घातली. दिवसा ती कडी कधी घातली जात नसे.

"कडी कशाला?"

"आता कोण यायचं राहिलंय?" ती म्हणाली.

मग ती शेंगा निवडायला बसली आणि मिस्त्री तिच्यासमोर बसले. आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी, दोघं समोरासमोर. किती वर्षांनी, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना भरून आलं.

तेवढ्यात त्यांच्या तळपायांना ठोके कळू लागले.

घंटी दारापाशी आडवी झाली होती. नाक फटीत, शेपूट जमिनीवर. घड्याळात चार पंचवीस झाले होते. पाच मिनिटांनी ती उठली, धावत स्वयंपाकघरात आली, बायकोच्या खुर्चीखाली पडलेली डावी चप्पल तिने उचलली, आणि बायकोकडे ढुंकूनही न पाहता ती दाराकडे गेली. चप्पल उंबऱ्यापाशी ठेवली. मग मागच्या दोन पायांवर उभी राहून ती दाराला चाटू लागली.

"वेळेची सवय आहे तिला," बायको म्हणाली. "जाईल."

३

सवय गेली नाही. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. मिस्त्री समजूतदार माणूस. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, तसं त्याचं डोकंही; एकदा चार पंचवीस बसले ते बसले. त्यांनी कारखान्यातलं डोकं लावलं. गुरुवारी घंटीला भाकरीचा तुकडा दाखवून आतल्या खोलीत नेलं आणि तिथलं दार ओढून घेतलं. तिथून तिला घड्याळ दिसत नव्हतं, जिना ऐकू येणंही कठीण. पण आपल्याच प्रयोगाची त्यांना लाज वाटली, कारण सव्वाचारला काही झालं नाही, चार वीसलाही नाही, आणि पंचविसाव्या मिनिटाला आतल्या दारावर नखं ओरबाडू लागली. तो थरथराट खुर्चीच्या पायांतून वर आला.

बायको सगळा वेळ भिंतीला टेकून बघत होती.

"तुम्ही तिला वेड लावाल," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. ती आधी का आली नाही, याचं त्यांना नंतर फार वाईट वाटलं.

बहिऱ्या नवऱ्याला हाक कशी मारायची, याची त्या दोघांची एक रीत होती. बायको टाच दोनदा आपटायची. फळ्यांमधून ते त्यांच्या तळव्यांना कळायचं, आणि ते टाच एकदा आपटून 'ओ' द्यायचे. दिवसातून वीस वेळा हे चाले; खालच्या मजल्यावरचे लोक त्यावरून चिडत. मंगळवारपासून बायकोने एकदाही टाच आपटली नव्हती. ती नुसती येऊन समोर उभी राहायची.

"टाच का नाही आपटत?"

"दुखते हो. इतकी वर्षं उभ्याने काम केलं."

हे पटण्यासारखं होतं. मिस्त्रींना पटलंही. पण ती वळून स्वयंपाकघरात गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि पावलं फळ्यांवर घट्ट रोवली. समोरच्या काकू त्यांच्या घरात चालल्या तरी ते इथे कळे. घंटी खाजवली तरी कळे. बायको सहा पावलं चालून गेली असणार, कारण डोळे उघडले तेव्हा ती चुलीपाशी उभी होती.

तळपायांना काही कळलं नव्हतं.

वयाबरोबर पायही बधिर होतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कान गेले तसे पायही जाणार. त्या विचाराने त्यांना चक्क बरं वाटलं.

४

शुक्रवारी सकाळी कचऱ्याचा डबा ठेवायला ते बाहेर गेले तेव्हा समोरच्या काकूंनी त्यांना गाठलं. काकू मिस्त्रींशी बोलताना लहान मुलाला दटावल्यासारखं एकेक अक्षर फोडून बोलत, त्यामुळे त्यांचे ओठ वाचणं अगदी सोपं.

"वहिनींशी भांडलात का?"

"मी? छे!"

"मग दार का नाही उघडत? काल किती वेळ उभ्या होत्या बिचाऱ्या! 'अहो, दार उघडा, अहो, मी आलेय.' परवाही तेच. माझे हात कणकेत, नाहीतर मीच आले असते."

मिस्त्रींच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते त्यांनी नीट डब्यावर बसवलं.

"काकू, तुम्ही पाहिलंत तिला?"

"पाहायला कशाला हवं? आवाज ओळखत नाही का मी वहिनींचा? आणि ती टाच! दोन-दोनदा आपटत होत्या. आमच्या मांडणीवरचे पेले हलतात हो." घंटीच्या शेपटीचे म्हणून सोडून दिलेले ठोके मिस्त्रींना आठवले. मग काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय असेल ते असो, घरात घ्या त्यांना. रडत होत्या."

दार अर्धवट उघडं होतं. आत बायको उभी होती, हातात रिकामा पेला घेऊन. ती काकूंकडे पाहून हसली. काकूंची पाठ होती, त्यांना ती दिसली नाही. मिस्त्रींनी आत येऊन दार लावलं. कडी बायकोने घातली.

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "खालचे लोक कचरा नीट टाकत नाहीत म्हणे."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि ते बायकोशी खोटं बोलल्याचा तो पहिला दिवस असावा.

५

दुपारी फिरायला जातो असं सांगून ते इस्पितळाच्या मागच्या अंगाला गेले. धुलाईखान्याच्या दाराशी वाफ आणि साबणाचा वास कोंदला होता. आत बायका ओल्या चादरींचे चार कोपरे धरून झटकत होत्या. आवाज प्रचंड असणार. मिस्त्रींना तो छातीत कळत होता, कारखान्यासारखा, आणि त्या ओळखीच्या थरथराटाने त्यांना थोडा धीर आला.

मुकादमीण जाडजूड, घामाघूम. तिने त्यांना लगेच ओळखलं. कानांकडे बोट दाखवून त्यांनी खिशातली वही पुढे केली. तिने लिहिलं: 'आत्ताच गेल्या. चुकामूक झाली तुमची.'

घड्याळात चार वाजून चार मिनिटं झाली होती.

खुंट्यांच्या रांगेत चौथी खुंटी बायकोची. तिचा निळा एप्रन तिथे लटकत होता. मिस्त्रींनी त्याच्या कमरेच्या नाडीला हात लावला. नाडी ओलसर होती आणि गाठ पडली होती त्या जागी ऊबदार होती.

मुकादमिणीने वही परत मागितली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. 'या आठवड्यात जेवत नाहीत नीट. सांभाळा.'

ते निघाले. पाय चालत होते आणि डोकं हिशेबाला बसलं होतं. ती पुढे आहे, चार-पाच मिनिटं पुढे. धावलो तर बाजाराच्या वळणावर गाठता येईल. नाहीतर उद्या पावणेचारला इथे फाटकापाशी उभं राहावं, ती बाहेर पडली की हात धरावा. इतकं सोपं. पण हात धरला, आणि तो तिचाच निघाला, तर मंगळवारपासून मी घरात कोणासमोर बसून जेवलो? रात्री कोणाशेजारी झोपलो? ते धावले नाहीत. वळणावर ते चपलांच्या दुकानाच्या काचेसमोर उभे राहिले आणि आत काय मांडलंय ते अगदी मन लावून बघत बसले, निदान दहा मिनिटं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मिस्त्रींच्या पाठी कोणी नव्हतं. जे होतं ते पुढे होतं, आणि ते गाठायची त्यांची छाती नव्हती.

घरी पोचले तेव्हा पावणेपाच होऊन गेले होते. जिन्यात, दारासमोर कोणी नव्हतं. दारासमोरच्या फळीवर मात्र दोन ओली पावलं उमटली होती, धुलाईखान्यातल्या रबरी बुटांची, दाराकडे तोंड करून. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

बायकोने आतून कडी काढली. घंटीने त्यांच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि पावलावर बसली. तिचं अंग थरथरत होतं.

६

शनिवारी चार वाजता मिस्त्री दारापाशी स्टूल टाकून बसले. बायको त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय करताय?"

"उघडणार आहे."

मग तिने डावं मनगट पुढे केलं. डाग तिथेच होता, रुपयाएवढा, कडेला किंचित गुलाबी. "हा हात ओळखता ना? मग? बाहेर मी असेन, तर ही मी कोण?"

मिस्त्रींना रडू आलं. "मला माहीत नाही गं," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. मी काय करू?"

"उघडू नका," ती म्हणाली. "मी आहे ना घरात."

चार पंचवीसला घंटी आडवी झाली. शेपटीचे ठोके फळ्यांतून आले. मग ती चप्पल घेऊन आली, डावी. मग जिन्याच्या बाजूने, जड, दमलेल्या पावलांचा थरार एकेक पायरी चढत वर आला. आठ वर्षं रोज आला होता तसाच. मिस्त्रींना ती चाल स्वतःच्या नाडीसारखी पाठ होती. पावलं दारापाशी थांबली.

टाच. टाच.

मिस्त्रींनी कडी काढली. दाराची साखळी लावलेली राहू दिली. दार चार बोटं उघडलं.

फटीतून गरम वाफेचा वास आत आला. त्यांना रबरी बूट दिसले, बुटांना चिकटलेले चादरींचे पांढरे धागे दिसले. साडीचा ओला काठ दिसला. मग एक हात खाली आला, सोलवटलेला, बोटं सुजलेली, मनगटावर रुपयाएवढा डाग. आणि तो हात घंटीच्या पडलेल्या कानाला नेमका तिथे खाजवू लागला जिथे तिला आवडे. घंटी चप्पल तोंडात धरून, अंग चोरून, त्या फटीतून बाहेर निसटली.

मान वर करायची होती. एवढंच बाकी होतं. मान वर करून एकदा तोंड बघायचं. त्याला असा किती वेळ लागतो?

मिस्त्रींनी दार लावलं.

ते बायकोने लावलं नाही, वाऱ्याने लागलं नाही. त्यांनी स्वतः, दोन्ही हातांनी, जोर देऊन लावलं आणि कडी घातली. नंतर त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. प्रत्येक वेळी हात त्यांचेच होते. बाहेर टाच पुन्हा दोनदा आपटली. मग बराच वेळ थांबून, हळू, आणखी दोनदा. ते ओ देऊ शकले असते.

वळून पाहिलं तर बायको टेबलापाशी शेंगा निवडत होती. पायात उजवी चप्पल तेवढी होती.

७

रविवारी साडेचारला कोणी आलं नाही. सोमवारीही नाही. मिस्त्री आता बाहेर जात नव्हते. ते स्टुलावर बसून दाराला तळहात लावून ठेवत, आणि लाकूड गप्प असे. इतकी शांतता त्यांनी बहिरे झाल्यावरही अनुभवली नव्हती.

बायको चांगली वागत होती. वेळेवर जेवण वाढत होती, समोर बसून ओठ नीट हलवून बोलत होती. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला तर ती तो काढून घेत नव्हती. हात कोरडा होता, ऊन नाही आणि गारही नाही. हिच्याबरोबरच आता राहायचं, असं मिस्त्रींनी ठरवलं नव्हतं. ठरवायला आता काही उरलंच नव्हतं.

मंगळवारी सहाच्या सुमाराला, मिस्त्री पूर्वी भाजी घेऊन परत यायचे त्या वेळेला, त्यांच्या तळहाताखाली दार हललं.

बाहेरच्या बाजूने काहीतरी दाराला लागलं होतं. हलकं, मऊ, चाबकाच्या टोकासारखं. पुन्हा लागलं. पुन्हा.

एक, दोन, तीन.

मग थांबलं.

ती घंटी होती, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आठ वर्षं हाच तळहात, हेच दार आणि हेच तीन फटके. फक्त दरवेळी ते बूट काढत उभे असत आणि ती त्यांच्या पायांभोवती फिरत असे. दुसऱ्या कोणासाठी ती कधी अशी फिरली नव्हती. बायकोसाठीसुद्धा नाही. आता ती बाहेर कोणाच्या तरी उजव्या पावलावर बसली होती.

लाकडाच्या पलीकडून, अगदी त्यांच्या तळहातासमोर, कोणीतरी तळहात टेकला होता. त्याचा भार इकडे कळत होता.

मग फळ्यांतून आली, ती बायकोची हाक. टाच, टाच. दमलेली नव्हती आता. रोजच्यासारखी, घरातल्या घरात मारावी तशी. आणि लगेच, तिच्या शेजारूनच, एक जड टाच एकदा आपटली. ओ.

मिस्त्री ताडकन उठले. "मी इथे आहे!" ते ओरडले. "अगं, मी आत आहे!" घशात नेहमी जाणवायचा तो थरार जाणवला नाही. त्यांनी पाय उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून टाच जमिनीवर आपटली.

तळपायाला काहीच कळलं नाही. टेबलावरचा पेला हलला नाही, पेल्यातलं पाणीही नाही.

मागे बायको येऊन उभी होती. तिने त्यांचा हात हळूच दारावरून काढला आणि त्यांना जेवायला नेलं. बाहेर दोन माणसांची पावलं आणि एका कुत्रीची नखं जिना उतरत गेली.